तीन ऑक्टोबरपासून कॅप्टन

वर्ना ओक्सचा फोन आला तेव्हा लिओना पावलिक पाळणाघराबाहेर, गाडीच्या मागच्या दारात कमरेतून वाकून, ओपलला तिच्या खुर्चीत बांधत होती. ओपल सव्वातीन वर्षांची. बांधून घ्यायचं नसलं की ती पाठीची कमान करून अंग असं ताठ करते की पट्टा ओढता ओढता आईच्या बोटांवर वळ उठतात. आजही तेच चाललं होतं. लिओनाने फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला, एका हाताने मुलीचं पोट हलकेच दाबलं आणि म्हणाली, "बोला, वर्ना."

"गाडी चालवतेयस का, कॅप्टनबाई?"

"नाही. उभी आहे."

"मग उभीच राहू दे. तुझी बढतीची तारीख चुकलीय. चुकवली कोणी, तर मी."

वर्ना म्हणजे तुकडीच्या कचेरीतली कारकून. वर्दीतली नव्हे, साध्या कपड्यांतली. सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी. राखीव दलातले अधिकारी आणि शिपाई महिन्यातून एक शनिवार-रविवार येतात, कवायत करतात, ट्रकांची चाकं तपासतात, आणि सोमवारी आपापल्या बँकेत, शाळेत, गोदामात परत जातात. उरलेले दिवस तुकडी म्हणजे वर्ना. येत्या तीस तारखेला ती निवृत्त व्हायची होती, आणि जायच्या आधी एकेक फाईल उघडून बघत होती, घर सोडताना माणूस कपाटांच्या मागे डोकावतो तशी.

"तीन ऑक्टोबरपासून तू कॅप्टन व्हायला हवी होतीस," वर्ना म्हणाली. "झालीस अठरा सप्टेंबरला. पुढच्या वर्षीच्या. साडेअकरा महिने मी तुला लेफ्टनंट ठेवलं, बाळा. तू पोटुशी होतीस, धावण्याची चाचणी दिली नव्हतीस, म्हणून मी फायलीवर 'थांबवा' मारलं. नियम काय, तर गरोदर बाईची आधीची चाचणी धरायची. मला वाटत होतं तो नियम नोकरीत ठेवण्यापुरता आहे, बढतीपुरता नाही. सव्वीस वर्षं मला असंच वाटत होतं, म्हणजे बघ किती बायकांना मी थांबवलं असेल. त्यातल्या बहुतेक गेल्या सोडून. तू आहेस."

"मग आता?"

"आता अर्ज. नोंदी दुरुस्त करणारं मंडळ आहे वर, त्यांच्याकडे. मी सगळं टाईप करून ठेवते. शनिवारी येशील तेव्हा सही कर. दोन मिनिटांचं काम."

ओपलचा पट्टा खट्कन बसला. लिओना सरळ झाली. समोरच्या कुंपणावर कोणाचा तरी लाल हातमोजा अडकवून ठेवला होता, हरवलेला हातमोजा सापडेल असा अडकवतात तसा. तिने महिने बोटांवर मोजले नाहीत. मोजावे लागले नाहीत. तीन ऑक्टोबर आणि पुढच्या वर्षीचा अठरा सप्टेंबर यांच्यामध्ये एकच जुलै येतो, आणि त्या जुलैत एकोणीस तारीख एकदाच येते. तुकडीतल्याच हॅस्कलला कॅप्टनच्या दोन पट्ट्या लागल्या त्या त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. मार्च. ऑक्टोबर आधी, मार्च नंतर. हुद्दा सारखा असला की ज्याची तारीख आधीची तो वरचा. हे राखीव दलातल्या कोणालाही उठवून विचारलं तरी सांगेल. म्हणजे एकोणीस जुलैला शिबिरात हजर असलेल्यांत वरचा अधिकारी हॅस्कल नव्हता.

"ऐकतेयस ना?" वर्नाने विचारलं.

"ऐकतेय. थँक यू, वर्ना."

"थँक यू कसलं. शिव्या घाल."

घरी येईपर्यंत ओमाहाच्या डॉज स्ट्रीटवर तिला चार सिग्नल लागले आणि चारही लाल लागले. ओपल मागून रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला नाव देत होती. एप्रिल असूनही थंडी होती, काचा बंद होत्या, तरी लिओनाच्या मानेमागे, केसांच्या मुळाशी घाम आला होता, आणि तो आलाय हे लक्षात आल्याबरोबर तिला बरं वाटलं, कारण घाम येणं चांगलं असतं. असं बरं वाटण्याची तिला सवय लागली होती. ओपल उन्हात खेळून आली की ती आधी तिच्या मानेखाली हात घालून बघायची. ओलं लागलं की हात काढून घ्यायची. वेड हसायचा. म्हणायचा, मुलगी आहे की कुंडीतलं झाड, दर तासाला माती चाचपतेस. वेड तिचा नवरा, रेल्वेच्या कचेरीत मालगाड्यांची वेळापत्रकं लावतो, आणि सगळ्या गोष्टी उशिरा का होईना पोचतात यावर त्याचा शांत विश्वास आहे.

जेवताना तिने त्याला सांगितलं. सांगितलं म्हणजे तारखेचं सांगितलं.

"मग चांगलंच झालं की," वेड म्हणाला. तो ओपलचा पाव उभा चिरत होता, कारण आडवा चिरला की ती खात नाही. "तारीख मागे गेली तर या हिवाळ्यातच मेजरच्या यादीत येशील ना?"

"येईन बहुतेक."

"आणि इथली मेजरची जागा रिकामी होतेय. हिवाळ्यानंतर झालीस मेजर तर काय देतील, विचिटा? महिन्याला साडेचार तास जायचे, साडेचार यायचे. ओपलने तुला विचिटाची मावशी म्हणायचं का?"

"मी सही करणार नाही असं म्हटलं का मी?"

"म्हटलं नाहीस. चेहरा म्हणतोय." त्याने पावाचा तुकडा मुलीच्या बशीत ठेवला. "काय झालं?"

"काही नाही. वर्नाचं वाईट वाटलं. सव्वीस वर्षं चुकत होती बिचारी."

हे खोटं नव्हतं. खोटं नसलेलं असं पुष्कळ काही तिच्याकडे होतं. गेल्या तीन वर्षांत ती त्यातलंच एकेक काढून देत आली होती. एकोणीस जुलैबद्दल वेडला जे माहीत होतं ते तुकडीतल्या सगळ्यांना माहीत होतं तेवढंच: शिबिरात उष्माघात झाला, शिपाई योलांडा टायटस वाचली पण तिचा चालण्याचा तोल गेला तो परत आला नाही, कॅप्टन हॅस्कलवर लेखी ठपका आला, त्याने राखीव दल सोडलं. आणि लिओना तिथे होती. लेफ्टनंट होती.

बशा धुताना नळाचं पाणी गरम व्हायला वेळ लागतो त्या घरात. ती गार पाण्यात हात धरून उभी राहिली. चौकशीला आलेले कर्नल सडपातळ होते आणि त्यांना सर्दी झाली होती. दर दोन प्रश्नांनी ते रुमाल काढायचे. "पायी चाल थांबवण्याचा हुकूम देण्याचा अधिकार तुम्हाला होता का?" असं त्यांनी विचारलं होतं. "नाही सर. मी फर्स्ट लेफ्टनंट होते. कॅप्टन हॅस्कल हजर होते." कर्नलांनी मान हलवून लिहून घेतलं होतं. ते वाक्य बोलून ती बाहेर आली आणि मग त्या वाक्यातच राहायला लागली. त्यात छप्पर होतं, दार होतं. नोकरीवर, म्हणजे शहराच्या पाणीखात्यात, जमिनीखालच्या नळांचे नकाशे सांभाळताना एखाद्या दुपारी मध्येच योलांडा टायटसचा चेहरा आला की ती त्या वाक्यात जाऊन बसायची आणि दार लावून घ्यायची. मी लेफ्टनंट होते. आता वर्ना म्हणत होती की ते घर चुकून दिलं गेलं होतं, रिकामं करा.

आणि त्यातही एक गोष्ट अशी की जी वर्नालाही माहीत नव्हती. नियम लिओनाला माहीत होता. तेव्हाच. तिला सातवा महिना होता, डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत नंबर येईपर्यंत नियमांचं पान फोनवर वाचत बसली होती, आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं, आधीची चाचणी ग्राह्य. पुढच्या कवायतीला वर्नाने तिच्या समोरच फाईल ओढून त्यावर 'थांबवा' मारलं. लिओना टेबलासमोर उभी होती, मागे सहा जण रांगेत होते, सगळे पुरुष, कोणीतरी च्युइंगम चघळत होतं. बोलायचं म्हणजे पोटावर हात ठेवूनच बोलल्यासारखं झालं असतं. माझ्या पोटासाठी मला सूट द्या, असं. तिने विचार केला, चार-सहा महिन्यांनी काय फरक पडतो. "बरं," ती म्हणाली होती, आणि बाजूला झाली होती. पुढच्याने आपली फाईल पुढे केली होती.

पाणी गरम झालं. ओपल मागे येऊन तिच्या पायाला चिकटली आणि म्हणाली की तिला एक नाव आठवत नाही, चौथ्या कुत्र्याचं.

कॅन्ससमधला शिबिराचा तो तळ सपाट आहे आणि सावली नाही. वार्षिक शिबिराचा नववा दिवस होता. कंपनीचा प्रमुख वडिलांच्या ऑपरेशनसाठी आदल्या रात्री घरी गेला होता, म्हणून हॅस्कल पुढे होता. त्या तळावर उष्म्याची निशाणं लावतात: हिरवं, पिवळं, लाल, काळं. काळं लागलं की पाठीवर ओझं घेऊन चालणं बंद करायचं. चालू ठेवायचं असेल तर तिथल्या वरच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर ठेवायचं. मत घेत नाहीत. ओपल तेव्हा सात महिन्यांची होती, ओमाहात, वेडजवळ. लिओना दर तीन तासांनी मेडिकच्या ट्रकमागे जाऊन दूध काढायची, पिशव्यांवर वेळ लिहायची आणि बर्फाच्या निळ्या पेटीत ठेवायची. ट्रक चालीच्या मागून हळूहळू यायचा. त्या सकाळी नाश्त्याच्या रांगेत कोणीतरी म्हणालं होतं, लेफ्टनंटची डेअरी किती वाजता उघडते, आणि चार-पाच जण हसले होते, वाईट नव्हे, आपल्या माणसाला हसतात तसे. तीही हसली होती.

पावणेअकराला रेडिओवर आलं, काळं लागलं. लिओना ओळीच्या मध्यावर होती. ती झपझप चालत पुढे गेली. "सर, काळं लागलं. थांबायला हवं."

हॅस्कल आडदांड माणूस, कान कायम उन्हाने सोललेले. तो थांबला नाही, पण चाल हळू केली. "ऐकलं मी. दीड मैल राहिलाय, पावलिक. पुढे झाडं आहेत, टाकी आहे. इथे थांबलो तर या तव्यावरच बसायचं ना? पोचूनच बसू." हे अगदीच चुकीचं नव्हतं. मग त्याची नजर खाली गेली. लिओनाच्या शर्टावर दोन गोल ओले डाग उठले होते. दूध काढायची वेळ उलटून तास झाला होता. हॅस्कलने लगेच दुसरीकडे पाहिलं. तो सभ्य माणूस होता. आवाज खाली आणून म्हणाला, "तुला ट्रकमध्ये बसायचं असेल तर बस. कोणी काही म्हणणार नाही."

त्या वाक्यात दया होती, आणि आयुष्यात कुठलीही शिवी लागली नसेल तसं ते तिला लागलं. तिच्या 'थांबायला हवं'चा अर्थ त्याने काय लावला ते तिला समजलं. "नाही सर, मी ठीक आहे," ती म्हणाली, आणि ओळीच्या मध्यावर परत गेली. छाती दगडासारखी झाली होती, पाठपिशवीचा पट्टा बरोबर तिच्यावरून जात होता.

आणि मग तिला योलांडा टायटसची पाठ दिसली. एकेचाळीस वर्षांची, एरवी शाळेची बस चालवणारी बाई, तुकडीत सगळ्यांना 'बाळांनो' म्हणायची. पुढच्या-मागच्या सगळ्यांच्या पाठी काळ्या ओल्या होत्या. टायटसची पाठ कोरडी होती, मिठाची पांढरी रेघ उमटलेली. घाम थांबला होता. लिओनाला त्याचा अर्थ पक्का माहीत होता. तिनेच शिबिराच्या पहिल्या दिवशी तो वर्ग घेतला होता. तिने तोंड उघडलं. ओरडायचं होतं, थांबा. कोणीही ओरडू शकतं, त्याला हुद्दा लागत नाही. तोंड उघडं राहिलं आणि तिच्या मनात आलं, टायटस दहा मिनिटांत झाडांपाशी पोचेल. मनात आलं, परत तीच, परत तिचीच दुधाची वेळ झाली असं म्हणतील. शर्टावरचे डाग आता पोटापर्यंत आले होते. टायटस हसत होती. कोणाशीही नाही, नुसतीच.

तिने घड्याळ पाहिलं होतं. नुसतं वेळ किती उलटली ते पाहायला, दुधाची. अकरा वाजून चार मिनिटं. टायटस पडली तेव्हा अकरा दहा झाले होते. ट्रकमधून बर्फात भिजवलेल्या चादरी आल्या, त्या पुरेनात, तेव्हा लिओनाने निळी पेटी उचलली आणि सगळीच्या सगळी टायटसच्या छातीवर, काखांत, जांघांत ओतली. बर्फाबरोबर दुधाच्या पिशव्याही पडल्या. मेडिक त्या दोन हातांनी बाजूला भिरकावत होता. एक फुटली. खडीवर दूध सांडलं आणि बघता बघता सुकलं, पांढरा डाग राहिला. हॅस्कल गुडघ्यांवर बसून टायटसचे बूट काढत होता आणि म्हणत होता, योलांडा, योलांडा, इकडे बघ.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत लिओनाने पाणीखात्याच्या इमारतीमागे गाडीत बसून बस डेपोला फोन लावला. टायटस आता बस चालवत नाही, डेपोत फोन घेते, हे शहरात कोणाकोणाकडून तिच्या कानावर आलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती दुकानात दिसलीही होती, सामानाची गाडी वॉकरसारखी घट्ट धरून टोमॅटो निवडत होती. लिओना दुसऱ्या रांगेत वळली होती.

"बस डेपो. कुठली बस चुकली?" आवाज तोच, पण शब्दांमध्ये जागा सोडलेली.

"बस नाही. मी लिओना पावलिक. आपण एका तुकडीत होतो."

"पावलिक." तिने नाव जिभेवर ठेवून पाहिलं. "उंच होतात का तुम्ही?"

"नाही. मी लेफ्टनंट होते तेव्हा."

"माफ करा, मॅडम. त्या उन्हाळ्यातलं माझ्याकडे फार उरलं नाही. नाश्त्याला अंडी होती ते आहे, पावडरीची. त्यानंतर एकदम हॉस्पिटलचं छत. मधलं कोणीतरी उचलून नेलंय." ती हसली. "हॅस्कलसाहेब आठवतात. ते येतात ना."

"येतात?"

"वर्षातून दोनदा. आयोवातून मका आणतात, पोतं भरून. मी एकटी बाई, एवढ्या मक्याचं करू काय? दर वेळी म्हणतात, योलांडा, चूक माझी होती. मी म्हणते, साहेब, मागच्या वेळी सांगितलंत. मग आम्ही जेवतो. माणूस बरा आहे. बायको जरा जास्त बोलते." मागे दुसरा फोन वाजत होता, तो तिने वाजू दिला. "तुमचं काय काम होतं?"

लिओनाने सांगितलं. एक तारीख चुकली होती, ती दुरुस्त झाली तर त्या दिवशी हॅस्कलपेक्षा ती वरची ठरते. कागदावर.

"तारीख बदलली की माझा तोल परत येणार आहे का?"

"नाही."

"मग मला कशाला विचारताय? रागावून नाही म्हणत. खरंच विचारतेय. लोक फोन करतात आणि माझ्याकडून काय हवंय ते मला कळत नाही. 'असू दे' म्हणू का? म्हणते. दिवसाला चार जणांना म्हणते मी."

"नको. म्हणू नका."

"बरं." तिकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तुम्ही तिथे होतात म्हणता. पडायच्या आधी मी काय करत होते? हॅस्कलसाहेबांना माहीत नाही, ते पुढे होते. मी खूप जणांना विचारलं. सगळे म्हणतात, पडलेली दिसलीस."

गाडीच्या काचेवर लिओनाचा श्वास साचला होता. "तुम्ही हसत होतात," ती म्हणाली. "टोप मागे सरकला होता. मग ओळीतून बाहेर आलात आणि म्हणायला लागलात, बसा, बसा, सगळे खाली बसा. मुलांना बसमध्ये सांगतात तसं."

"असं म्हणत होते मी?"

"हो. आणि तुमच्या पाठीवर घाम नव्हता."

"आणि तुम्ही बघत होतात."

"हो."

"किती वेळ?"

"सहा मिनिटं."

दुसरा फोन वाजून वाजून थांबला. योलांडा टायटसने फोन ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता, आणि लिओना तो मोजत बसली, तान्ह्या ओपलचा मोजायची तसा. "सहा मिनिटांत मी तीन थांबे घ्यायची," शेवटी टायटस म्हणाली. "बरं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं." आणि फोन ठेवला.

दुपारभर लिओना नकाशांवर काम करत राहिली. कुठला नळ कुठे वळतो ते तिच्या हाताला पाठ होतं. तिला अपराधी वाटायला हवं होतं, आणि वाटत होतंही, पण त्याच्या खाली आणखी काही होतं, ते तिला बराच वेळ ओळखू येईना. मत्सर होता तो. हॅस्कलचा. त्याच्याकडे ठपका होता, तो घेऊन तो वर्षातून दोनदा एका स्वयंपाकघरात जाऊन बसत होता, मका सोलत होता, त्याला तिथे नावाने हाक मारत होते. तिच्याकडे काहीच नव्हतं. तीन वर्षं ती तिथे नव्हतीच. उंच होतात का तुम्ही.

शनिवारी सकाळी साडेसहाला कचेरीत वर्ना एकटीच होती. भिंतीवरच्या चौकटी तिने उतरवून खोक्यात भरल्या होत्या, भिंतीवर त्यांचे फिकट चौकोन उरले होते. "ये, कॅप्टनबाई. कॉफी वाईट आहे, सही चांगली कर." तिने तीन पानी अर्ज पुढे सरकवला. सगळं टाईप केलेलं होतं: नाव, तुकडी, चुकीची तारीख, बरोबर तारीख, चूक कोणाची. चूक कोणाची तिथे वर्नाने स्वतःचं पूर्ण नाव घातलं होतं, मधल्या नावासकट.

लिओना दुसऱ्या पानावर थांबली. आठवा प्रश्न होता, चूक तुमच्या लक्षात केव्हा आली. वर्नाने तिथे परवाच्या गुरुवारची तारीख घातली होती.

"पेन द्या."

"सही तिसऱ्या पानावर आहे."

"माहीत आहे." लिओनाने गुरुवारची तारीख एका रेघेने खोडली, बाजूला साडेतीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातली तारीख लिहिली, ज्या दिवशी ती या टेबलासमोर रांगेत उभी होती ती, आणि खोडल्या जागी आपली आद्याक्षरं घातली.

वर्नाने कागद स्वतःकडे फिरवून पाहिला. "हे काय?"

"मला नियम माहीत होता, वर्ना. तुम्ही शिक्का मारला तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

लिओनाने खांदे उडवले. वर्नाने खोडलेल्या तारखेवर बोट ठेवलं. "बाळा, लक्षात आल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. ही तारीख घातलीस तर तू उशिरा आलीस. मग नववा प्रश्न भरावा लागतो, उशीर होऊनही मंडळाने अर्ज का बघावा. आणि त्यांना पटलं नाही तर गेलं सगळं. परवाची तारीख काय वाईट होती? माझ्या लक्षात परवाच आली. कोण विचारणार आहे?"

"नववा भरते मी."

तिने हाताने लिहिलं. अक्षर नकाशांवर लिहायची तसं, सुटं सुटं. चार ओळींचा चौकोन होता, तिला सहा लागल्या, शेवटच्या दोन समासात गेल्या. वर्ना चष्मा कपाळावरून खाली ओढून ते ओठांतल्या ओठांत वाचायला लागली, सवयीने, चुका शोधत:

"ही तारीख दुरुस्त झाली तर १९ जुलैच्या चालीत हजर असलेल्यांत सर्वांत वरची अधिकारी मी ठरते. ते नोंदीत यावं म्हणून उशिरा अर्ज करत आहे. चाल थांबवावी असं मी एकदा म्हटलं. शिपाई टायटस यांचा घाम थांबल्याचं मला त्या पडायच्या सहा मिनिटं आधी दिसलं. मी बोलले नाही. माझी दूध काढायची वेळ झाली होती, आणि मी त्यासाठी थांबवते आहे असं वाटेल, अशी मला भीती वाटली."

वर्नाने चष्मा परत कपाळावर सरकवला. तिला चार मुलं होती, सगळी मोठी; त्यातलं शेवटचं याच कचेरीत नोकरी करताना झालेलं. बाहेर आवारात गाड्या यायला लागल्या होत्या, दारं आपटत होती, कोणीतरी कोणाला तरी शिट्टी मारून बोलावलं.

"या चौकोनात मी आजवर 'टपाल उशिरा मिळालं' एवढंच बघितलंय," ती म्हणाली. "हे वाचून कोणी ती चौकशी परत उघडली तर?"

"उघडू दे."

"मेजरची यादी राहील बाजूला. विचिटा सुद्धा राहील."

"हो."

"आणि मी नसेन इथे. प्रश्न आले तर उत्तरं द्यायला तुझी तूच."

"घरचा पत्ता घाला पत्रव्यवहारासाठी. तुकडीचा नको."

वर्नाने पहिलं पान संगणकावर परत उघडलं, तुकडीचा पत्ता पुसला, घर क्रमांक विचारला, रस्ता विचारला. लिओनाने सांगितला. वेडला हे आज संध्याकाळी सांगावं लागेल, सगळं, आणि तो म्हणेल की मला आधी का नाही सांगितलंस. पण सांगावं लागेल, कारण पत्र त्याच्याच हातात पडेल, टपालपेटी तो उघडतो. पान छापून गरम गरम बाहेर आलं. वर्नाने तिन्ही पानं टेबलावर आपटून कडा जुळवल्या आणि तिसरं वर ठेवलं.

"इथे," ती म्हणाली, आणि बोट सहीच्या रेघेवर ठेवून, काढून घेतलं.

लिओनाने सही केली. सहीखाली एक छोटी रेघ होती, हुद्द्यासाठी. तिथे तिने कॅप्टन लिहिलं.